आधी पाय

मंगळवारी आठ वाजता आम्ही उभ्यानेच बोलतो.
बसलं की सभा होते, रोवेना म्हणते,
आणि सभेत माणसं हरवतात.
रोवेना नर्स. डॉक्टर मॅकइसाक.
खालच्या औषधांच्या दुकानातला थिओ.
घरमालकांशी भांडायला ओडेट.
आणि क्लेम, ज्याच्याकडे पदवी कुठलीच नाही,
नऊ वर्षांपूर्वी सुटलेली दारू आहे.
मी फोन घेते. फळ्यावर माझं नाव नसतं.

ग्लेस बेमधली खाण बंद पडून जमाना झाला,
रस्ते मात्र अजून तिच्याच तोंडाशी जाऊन थांबतात.
लॉकी बीटनची पाठ तिथे खाली मोडली.
पाठीसाठी गोळ्या आल्या.
मग गोळ्या संपल्या, पाठ उरली,
आणि गोळ्यांच्या जागी जे आलं ते आलं.

मनाचे डॉक्टर म्हणाले, आधी नशा सोड.
नशेचे म्हणाले, आधी ते आवाज थांबव.
दोन दारांमध्ये अकरा मैल,
बस दिवसातून एक.

आमच्याकडे आला तेव्हा वाटलं, बुटातून पाणी गळतंय.
पाणी नव्हतं.
मॅकइसाक बाई गुडघ्यांवर बसल्या, नाडी सोडली,
म्हणाल्या, आधी पाय.
तीन आठवडे नुसता पाय.
चौथ्या आठवड्यात तोच म्हणाला,
भिंतीतला रेडिओ बंदच होत नाही.
रोवेना पट्टी गुंडाळत होती, मान वर न करता म्हणाली,
कुठलं स्टेशन?
तो हसला. दात कमी होते, पण हसला.
मग जिभेखालचं औषध, महिन्याचं इंजेक्शन,
हळूहळू, कधी पुढे, कधी सपशेल मागे.

त्या मंगळवारी थिओ म्हणाला, शनिवारपासून औषध नेलेलं नाही.
ओडेट म्हणाली, घर खाली करायची नोटीस गेलीय.
क्लेमने कोटात एक हात घातला.
मला कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, कुत्री.
दर शुक्रवारी फोन करतो,
टिप्सीला आत आणलं तर चालेल का?
दर शुक्रवारी मी नाही म्हणते.
या शुक्रवारी फोन आला नाही.

तो घरामागे सापडला,
गोठलेल्या जमिनीत कोळशाचं फावडं घेऊन,
शेजारी चादरीत काहीतरी लहान.
क्लेम बोलला नाही. शेजाऱ्याकडून दुसरं फावडं आणलं.
मग मला फोन:
थिओला म्हणावं, औषध इथे घेऊन ये. रोवेनालाही पाठव.
थिओने भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं.
अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

रोवेनाने बुटाकडे पाहिलं. म्हणाली, आधी पाय.
आधी खड्डा, लॉकी म्हणाला.
बरं, ती म्हणाली, आणि बॅग बर्फावर ठेवली.
जमीन लोखंडासारखी होती.
चौघांना दीड तास लागला.

संध्याकाळी संगणकाने विचारलं, भेटीचं कारण?
यादीत खड्डा नव्हता.
मी पाय निवडला. तोही खोटा नव्हता,
पू झाला होता.

पुढच्या महिन्यात तो दोनदा आलाच नाही.
एकदा आला तो धड उभाही राहू शकत नव्हता,
थिओला वाटेल ते बोलला. तेही लिहून ठेवते,
नाहीतर ही गोष्ट फार छान वाटेल.

काल शुक्रवार.
फोनवर बराच वेळ नुसता वारा,
मग त्याचा आवाज:
कुत्रीला आत आणलं तर चालेल का?

कुठली, ते मी विचारलं नाही.