खालच्या कप्प्यातली वही

अपघातांची वही माझ्याकडे असते.
लाकूड आगार, किनवटच्या अलीकडे सात किलोमीटर.
वरच्या कप्प्यांत सागाच्या मोजणीची जाड रजिस्टरं,
खाली ही, शाळेच्या वहीएवढी.

अकरा वर्षांत तीन नोंदी.
तिन्ही मेलेल्यांच्या,
कारण मेलेला माणूस लपवता येत नाही.
कारणाच्या रकान्यात माझ्या आधीच्या कारकुनानं
सुबक अक्षरात लिहिलंय: निष्काळजीपणा.
आणि खाली दोनदा: वरीलप्रमाणे.

पोचन्ना कुडमेतेची दोन बोटं मात्र कुठेच नाहीत,
वहीत नाहीत, हातावरही नाहीत.
लेतूचा निखळलेला खांदा नाही.
मुकादम म्हणायचा, हळद भर, उद्या ये.
उद्या नाही आला, तर रोज बुडाला.

मग पोळ्यानंतर प्रशिक्षण आलं.
शिकवणाऱ्याचं आडनाव झाडे,
पहिला अर्धा तास हसण्यातच गेला.
तीन दिवस. पिवळी हेल्मेटं, चहा, पोहे,
आणि उदाहरणासाठी एक वठलेला धावडा.
झाडे म्हणाला, आधी वर बघा.
बुंध्याकडे तर सगळेच बघतात,
जीव घेते ती वरची वाळकी फांदी.
म्हणाला, पडायच्या बाजूला खाच घ्या, मग मागून कापा,
पण मधे तीन बोटं लाकूड राहू द्या.
ती बिजागरी. दार लोटल्यासारखं झाड गेलं पाहिजे.
पोचन्नानं हात वर केला:
तीन बोटं म्हंजे कुणाची, साहेब?
कुणी हसेना, तेव्हा तोच हसला.

मग पळायची वाट. मागे, तिरकी,
करवत चालू करायच्या आधीच साफ केलेली.
आणि दोन झाडांच्या उंचीत दुसरा माणूस नको.
इथं जंगू टेकाम उठला.
भाव घनमीटरवर हाय साहेब, अंतरावर न्हाई.
झाडेनं खडू खाली ठेवला.
पुस्तिकेत ते पान नव्हतं.

त्यानंतर आजवर एकोणीस नोंदी.
डोळ्यात भुसा. नडगीला फांदी.
करवत उसळली, पँट फाटली, मांडीला ओरखडा.
फांद्या ओढणाऱ्या मारूबाईचं तोंड सुजलं, आग्यामोहोळ.
खिडकीशी येऊन उभे राहतात, म्हणतात, लिहा.
झाडेनं सांगितलंय, बारकं लिहिलं तर मोठं टळतं.

मार्चात नांदेडहून साहेब आले.
वही उघडली, चष्मा कपाळावर सारला.
अकरा वर्षांत तीन, आणि सहा-सात महिन्यांत एकोणीस?
म्हणजे शिकवल्यानं अपघात वाढले.
शेरा मारला: उपयुक्तता तपासावी, तोवर खर्च थांबवावा.

मी काय सांगणार होतो?
पोळ्यापासून कुणी मेलं नाही, खरंय.
पण मागे एकदा सलग पाच वर्षंही कुणी मेलं नव्हतं,
आणि तेव्हा कुणी काही शिकवलंही नव्हतं.
एवढ्याशा शांततेवर मी सही करत नाही.
गाड्या भरायची घाई सुटली
की दोन झाडांचं अंतर दीडावर येतं, मग अर्ध्यावर,
हेही मी पाहिलंय,
त्याला रकाना नाही.

परवा मोजणीसाठी आत गेलो.
उतारावर जंगू. डोकं उघडं,
हेल्मेटात बायको मोहाची फुलं वेचत होती.
करवत खाली ठेवून, मान मागे टाकून
तो सागाकडे बघत उभा,
कितीतरी वेळ, वरच्या मजल्यावर कुणाला हाक मारून
उत्तराची वाट बघावी तसा.
मग मागे तिरका चालत गेला दहा-बारा पावलं,
आडवी आलेली वेल विळ्यानं तोडली,
एक दगड पायानं सारला,
परत आला
आणि मग करवतीची दोरी ओढली.
झाड पडलं. धूळ बसली.
काहीच झालं नाही.

संध्याकाळी वही काढली.
तारीख घातली.
नाव: जंगू टेकाम.
अवयव: सर्व.
कारणापाशी पेन थांबलं,
तेवढ्यात खिडकीशी मारूबाई आली,
म्हणाली, लिवा साहेब, अंगठ्यात कुसळ गेलंय.