भावात न बसणारे

मुदगलच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलं नाही
की खाली गंगा डबक्याडबक्यांनी उरते.
तिथं आम्ही पायांनी मासे शोधतो.
डोळ्यांचं काही काम नाही. गाळ ढवळला
की पाणी चहासारखं होतं,
आणि तळव्याखाली काहीतरी गुळगुळीत
अंग चोरतं.

हे केवळाआत्यानं शिकवलं.
लग्न होऊन आले तेव्हा मला
रोहू न् कटला, एवढेच मासे ठाऊक,
खवल्यांचे, नव्या नाण्यासारखे.
ती म्हणाली, "पाय रोवू नको. टेकव निस्ता.
त्याला वाटू दे, म्हस हुभी हाय."
मी म्हैस झाले.
पहिल्याच दिवशी शिंगट्यानं अंगठ्यात काटा घातला,
कोपरापर्यंत ठणका.
आत्यानं चुना-हळद लावली अन् हसली,
"घे. वळख झाली."

पहाटे मुंजाजी काटा घेऊन येतो.
रोहू एका पाटीत, कटला दुसऱ्या,
मरळ ओल्या पोत्यात, जिवंत.
उरतो मिशाळ शिंगटा,
सापाची नक्कल करता करता फसलेली बोटभर वाम,
आणि दगडाखाली राहून दगडाचाच झालेला तो एक,
ज्याला नाव नाही, नुसतं चपट्या म्हणतात.
त्यांना मुंजाजी हात लावत नाही,
चपलेनं सारतो.
"कचरा," म्हणतो.
त्याच्या वहीत त्यांना रकाना नाही.

तो कचरा आम्ही खातो.
चुलीतली राख घ्यायची, मूठभर नाही, ओंजळभर.
तिच्यात शिंगटा घोळायचा बुळबुळ निघेस्तोवर.
मग मिशा. "न्हाव्याचं काम आधी,"
आत्या म्हणते, "सैपाक मागून."
येसर, लसूण, चिंचेचा कोवळा पाला.
तेल बेतानं, त्याच्या अंगात त्याचं असतंय.
मधोमध एकच काटा, लेकरू बिनघोर खातं.
रोहूत काटे किती, ते बाजारात
कुणी ओरडून सांगत नाही.

गेल्या साली जाळ्यात नवाच आला.
काळा, पत्र्याचा, पाठीवर कानस,
तोंड खाली, जसं काही जमिनीशीच बोलायचंय.
पोरं म्हणाली हेलिकॉप्टर.
कुठल्या तरी शहरात कुणीतरी
काचेची पेटी नदीत उलटी केली असणार.
तीन वाव जाळं फाटलं.
रात्रभर ते शिवत मी शिव्या दिल्या,
माशाला की पेटीवाल्याला, आठवत नाही.
सगळ्यांनी ते काठावर फेकले.
कावळा चोच आपटून गेला,
कुत्रं हुंगून गेलं,
दुपारपर्यंत त्यांचे कल्ले हलत होते.

आत्यानं एक उचलला. उलटापालटा केला.
"आत काय नसल्यावर
येवढा बंदोबस्त कोन करतंय?"
निखाऱ्यावर उताणा ठेवला.
कवच तडकलं, बत्त्यानं उघडलं.
आत मूठभर पांढरं.

चव? खोटं कशाला सांगू.
पहिल्या घासाला गाळ लागला.
दुसऱ्याला मीठ कमी.
तिसऱ्याला कुणी काही बोललं नाही.

दिवेलागणीला मुंजाजी आला,
जाळ्याच्या उचलीचा हिशोब म्हणून.
वास कशाचा, हे विचारलं नाही. बसला.
भाकरी मागून घेतली, वर अजून अर्धी.
बोटं चाटताना माझ्याकडं बघितलं नाही.
"रव्हूच हाय न्हवं?" एवढं म्हणाला.
आत्या चुलीत फुंकर घालत होती.
"हाव," म्हणाली.

सकाळी पुन्हा तीच चप्पल.

अंगणात धाकट्यानं कवचाला दोरा बांधलाय,
ओढत फिरतो,
तोंडानं घर्र घर्र करत.
अजून उडालं नाही.
तो म्हणतो, पेट्रोल संपलंय.