अधिक पाच

पारसिकच्या माथ्यावर अकरा वाजता
ऊन अजून कच्चं होतं.
खाली तुर्भ्याकडून धूळ चढत होती,
पलीकडे खाडी, कल्हई उडाल्यासारखी.
हर्षाली म्हणाली, आबा, लागेल ना?

रुमालात गुंडाळून भिंग आणलं होतं.
रबाळ्याला एकतीस वर्षं मी भिंगं घासली,
आधी कुरुंदाच्या पुडीने, मग त्या गुलाबी पाण्याने
जे रविवारीसुद्धा नखांतून जायचं नाही.
हे कुणा पाटकरांचं. उजवा डोळा, अधिक पाच.
आगाऊ पन्नास रुपये जमा होते,
गिऱ्हाईक आलंच नाही.
डाव्या डोळ्याचं कधीतरी फुटलं,
हे डब्यात राहिलं बटणांबरोबर,
काहीही न बघता.

तिने वाळलं गवत चुरलं.
मी बनियनची जाळून काळी केलेली चिंधी मध्ये ठेवली,
भोवतीची जमीन हातभर खरवडून घेतली.
मागच्या एप्रिलात हा उतार तीन दिवस धुमसत होता,
करवंदीच्या जाळ्या अजून अर्ध्याच आहेत.
पाण्याची बाटली झाकण काढून जवळ.
एक वीत वर धरायचं, मी म्हणालो,
तुझी नाही, माझी.

आधी रुपयाएवढा डाग पडला,
मग डाळीएवढा,
मग बघवेना असा, तिळाएवढा,
आणि नाचायला लागला.
वारा आहे, मी म्हणालो.
वारा नव्हता.
तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं
आणि न पाहिल्यासारखं केलं.
मी धरू?
पाव नंबराचा फरक बोटांनी ओळखायचो मी.
दिलं.

तिचा हात खुंटीसारखा.
तीळ जागेवर बसला.
कितीतरी वेळ काहीच नाही, तिच्या नाकावर घाम.
मग धुराचा एक धागा, सुईत ओवावा इतका,
मग चिंधीला लाल काठ.
फुंकर घाल. हळू. गरम वरणावर घालतेस तशी.

गवत पेटलं तेव्हा आवाज झाला नाही.
उन्हात ज्योत दिसतसुद्धा नव्हती,
फक्त पलीकडचे टॉवर हलायला लागले.

आता? ती म्हणाली.
आता काय.
भाजायला काही आणलं नव्हतं, चहाचं भांडंही नाही.
दोघं बसलो त्या ओंजळभर आगीपाशी,
अवचित पाहुणा यावा
आणि घरात साखर नसावी, तसे.

मग बाटली ओतली. राख ढवळली,
चाचपली, उरलेलं पाणी पुन्हा ओतलं.
भिंग तिनेच पुसून स्वतःच्या खिशात ठेवलं.
उतरताना म्हणाली,
त्या पाटकरांना आता दिसत असेल का हो?

म्हटलं, इथे घसरण आहे.
पायाखाली बघ.