खणाला खण

महाद्वार रोडला दुंडाप्पा हुक्केरींच्या दुकानात
टेबलाच्या एका पायाखाली वहीचा पुठ्ठा सरकवून
मी छत्तीस खणांचे फोटो काढले.
जांभळा, चिंतामणी, डाळिंबी काठाचा राखी.

कॅमेऱ्यातली ती पातळ काच मी पौषातच काढून घेतली होती
शाहूपुरीत, बाबालाल मुजावरांकडून.
"बसवणारा काय येडा न्हवता," म्हणाले होते ते.
पण मला धार पाहिजे होती,
पापणीचा केस न् केस मोजता येईल अशी.

रात्री पडद्यावर राखी खण उघडला
तर अंगभर साप.
हिरवे, गुलाबी, रुंद, सुस्त.
सकाळी कॅमेरा बोटभर सरकवून पुन्हा काढला,
साप नुसते काठाकडे वळले.

दुंडाप्पांनी धागे मोजायचं भिंग काढलं,
आधी कापडाला लावलं, मग माझ्या फोटोला.
"हिरवा धागा विणणाऱ्यानं घातला न्हाई,
मी विकला न्हाई.
मग आला कुठनं?"

मुजावरांनी एक कंगवा दुसऱ्यावर तिरका धरला, उजेडाकडं.
काळ्या जाड पट्ट्या उमटल्या,
दोन्ही कंगव्यांत नसलेल्या.
"आत सेन्सरलापण खणच असत्यात, बारीक, रांगेनं.
धागे त्यांच्यापेक्षा दाट झाले
की एका खणात धागा, दुसऱ्यात फट.
खण बिचारा सापडलं तेवढं सांगतो.
तुम्ही दर अवसेलाच गावाकडं गेला
आणि म्हणाला, आमच्यात चांद उगवत न्हाई,
तर ते खोटं कसं म्हणायचं?
पण खरं तरी कसं?"

होमिओपॅथीच्या डबीतून, कापसातून
त्यांनी माझीच काच काढली. जपून ठेवलेली.
"ही काय पुसत न्हाई.
उजेडाच्या एका थेंबाचे चार करती
आणि शेजारच्या खणांना वाटती. एवढंच."

पुन्हा छत्तीस फोटो.
"जरा मऊ दिसतंय," दुंडाप्पा म्हणाले.
मी म्हटलं, कापड मऊच असतं की.

बहीण गडहिंग्लजला असते.
तिला मी भाऊबीजेला बघतो,
अकरा वर्षं, दर वेळी हसताना.
सगळ्यांना सांगत आलोय, सुखात आहे.

काल मंगळवार होता. सण नाही, सूतक नाही.
भर दुपारी फोन लावला.
बराच वेळ वाजला.
मग तिचा आवाज, ओळखू न येणारा,
"कोण गेलं रे?"