दोन हजार सहाशे वीस

मिरजेतल्या दवाखान्यांच्या रांगेत आमचा चौथा.
तळमजल्यावर, लिफ्टच्या उजवीकडे,
काचेला अर्धगोल भोक पाडलंय, ती माझी खिडकी.
अकरा वर्षं झाली.
लोक माझ्याशी वाकूनच बोलतात,
भोक तेवढ्याच उंचीवर आहे म्हणून.

आज नांद्र्याचे सातगोंडा मगदूम, वय एक्कावन्न,
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला टेम्पोवर.
ड्युटी सुटून फटफटीवरून घरी जाताना
कर्नाळच्या पुढे कुत्रं आडवं आलं.
कुत्रं वाचलं, नडगी गेली.
चार रात्री, एक सळई, सहा स्क्रू,
सत्तेचाळीस हजार तीनशे ऐंशी.

त्रिशलाबाईंनी भोकातून कार्ड सरकवलं.
कंपनीचं. वर हसरं कुटुंब, पोरगं बापाच्या खांद्यावर.
"पाच लाखाचा इमा हाय, मॅडम."
मी कार्ड उलटं केलं.
मागच्या बाजूला कुणी हसत नाही,
मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं:
पहिले पन्नास हजार तुमचे.
तुमचे! जणू देतायत.

याला वजावट म्हणतात, मावशी.
हप्ता स्वस्त पडतो, म्हणून मालक असलाच घेतात.
विहीर खरी आहे, पाणीही आहे,
पण पहिले पन्नास हात दोर
ज्याचा त्यानं आणायचा.

त्यांनी पेरांवर हिशेब धरला.
बराच वेळ. मागचा टोकनवाला खोकला.
मग भोकाशी तोंड आणून, हळूच:
"दोन हजार सहाशे वीसच कमी पडत्यात की वो.
आणि एखादा फोटो काढला तर?
गुडघ्याचा. न्हाईतर डोक्याचा,
डोकं बी आपटलंच असंल."

मी हसले नाही.
ती सवय दुसऱ्या वर्षीच सुटली.
पण हिशेब चुकत होता:
पन्नास ओलांडले, तर वरचे मिळतात,
पन्नास काही परत येत नाहीत.
हे सांगायला मला तीन वाक्यं लागली
आणि बाई पहिल्याच वाक्याला
"बरं, बरं" म्हणत होत्या.

मग पिशवी उपसली.
झेरॉक्सचा गठ्ठा, सुकलेलं लिंबू, मोबाईलचा चार्जर,
आणि तळाला चार घड्यांचा एक कागद.
"ह्ये चालतंय का बघा.
पोस्टातलं पोरगं गळ्यात पडलं म्हणून काढलेलं,
वर्साला चारशेच्या आत.
ह्यांनी लई शिव्या घातल्या,
घरात अपघाताचं नाव काढलं म्हणून."

आत तक्ता होता.
मला हे तक्ते आवडतात, कबूल करते.
खाटीक सोडला तर
माणसाचे इतके नीट वाटे कोण घालतं?
मांडी वीस हजार. नडगी दहा. मनगट सहा.
बरगडी, कितीही मोडा, तीन.
दवाखान्यातल्या रात्रीला पाचशे.
वजावट नाही, बिलाशी घेणंदेणं नाही,
हाड मोडलं का, एवढंच विचारतात.
दहा आणि दोन, बारा हजार.

अर्ज मीच भरला.
अपघात बाह्य, आकस्मिक आणि दृश्य होता काय?
होता.
कारण: कुत्रं.
"काळं," बाई म्हणाल्या. तेही लिहिलं.

शिक्का मारता मारता मान वळवली, कट्‌कन वाजली.
अकरा वर्षं डावीकडे कललेली,
भोकाकडे.
ही कुठल्याच तक्त्यात नाही.
जे हळूहळू मोडतं, त्याला अपघात म्हणत नाहीत.

उरलेले पस्तीस हजार तीनशे ऐंशी
कुणाकुणाला फोन लावून झाले,
मी पावती फाडली, विचारलं नाही.

चाकाच्या खुर्चीत मगदूम,
पाय लाकडासारखा पुढे.
बाईंनी तो कागद त्यांच्या नाकासमोर धरला:
"बगा. शिव्या घालत हुता नव्हं?"
त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला,
बोट ठेवून, ओळीओळीनं.
मग पायाकडे बघितलं.
"मांडी असती तर वीस," म्हणाले.

टोकन एकशे चौदा.