दोन क्लिक

उद्यमबागच्या मागल्या गल्लीत, इराण्णाच्या शेडात
माझी गाडी जॅकवर चढवलेली.
चारी चाकं अधांतरी,
उंच खुर्चीवर बसवलेल्या पोराच्या पावलांसारखी.

चोर्ला घाट चढून आलेली सेकंडहँड एटीव्ही.
गोव्याच्या वाळूत पाहुण्यांना फिरवून फिरवून
स्प्रिंगच्या वेटोळ्यांत खार साचलाय.
प्रीलोडची चकती हलायला तयार नाही.
आधी रॉकेल, मग तारेचा ब्रश, मग हुकाचा पाना,
मग इराण्णाची एक शिवी, अर्धी कानडी, अर्धी मराठी,
आणि चकती पाव फेरा सरकते.

कंपनीनं ही स्प्रिंग बसवली तेव्हा
एक माणूस मनात धरला असणार.
पंचाहत्तर किलोचा,
दुपारी जेवून फेरफटका मारणारा.
मी त्याला ओळखत नाही,
खरं चार महिने झाले, उडी मी त्याच्या मापानं मारते
आणि उतरताना त्याचा हिशोब माझी कंबर देते.

माझं माप काल घेतलं.
फाउंड्रीच्या गेटवर, भंगाराच्या काट्यावर,
हेल्मेट, बूट, छातीचं कवच, सगळं चढवून.
काट्यावरच्या पोरानं चिठ्ठी फाडून दिली:
माल बीड, एकसष्ट किलो.
ती मी डब्याच्या पिशवीत ठेवलीय.

"बस गं तंगी. पुढं बघ. टेपकडं बघू नको."
तंगी म्हणजे त्याच्याकडं धाकटी बहीण,
आमच्याकडं महिन्याचा शेवटचा आठवडा.
दोन्ही मीच.
तो मागं उकिडवा बसून मोजतोय:
हवेत होती तेव्हा चौऱ्याहत्तर,
मी बसल्यावर एकोणसत्तर.
पाचच सेंटीमीटर दबली.
"आठ पाहिजे. गाडीला अजून कळलंच नाही तू बसलीस म्हणून."

चकती सैल करतो. मी बसते, उठते.
सहा. परत सैल. परत बसते.
शेजारच्या शेडात कुणी साचा फोडतंय,
गरम वाळूचा वास पत्र्याखालून आत येतो.
साडेसात. "साकु," म्हणतो तो. पुरे.
उरलेला अर्धा त्यानं कुणासाठी ठेवला
मी विचारत नाही.

आता रिबाउंडचा स्क्रू.
पूर्ण बंद करायचा, मग उघडत मोजायचं.
ओंदु, एरडु, मूरु, तो मोठ्यानं,
एक, दोन, तीन, मी मडगार्डवर खडूनं.
मध्येच पलीकडं घण पडतो
आणि एक क्लिक आवाजात बुडते.
त्याचे आठ. माझे सात.
"तुझं चुकलं."
"तुमचं चुकलं."
स्क्रूला काही विचारता येत नाही.
परत पूर्ण बंद. परत पहिल्यापासून.
या खेपेला दोघंही मनात मोजतो
आणि दहाला एकदमच थांबतो.

संध्याकाळी कंग्राळीच्या बंद वीटभट्टीवर.
लाल माती, मोडक्या विटांचे वळसे,
आणि जेसीबीवाल्यानं रविवारी रचून दिलेला टेबलटॉप,
त्याच्या एका कडेला कुणाची तरी शेळी.
शेळी हाकलली. तिसरा गिअर.
चढ, कड, मग खाली काहीच नाही.
हवेत असताना इंजिनाचा आवाज
दुसऱ्या कुणाच्या गाडीचा वाटतो.

उतरले. गाडी खाली गेली,
आणखी खाली गेली, तळ न लागता थांबली.
कंबर गप्प.
मग मागची बाजू वर आली,
माझ्या अंदाजाच्या थोडी आधी,
घाईत उत्तर देणाऱ्या पोरासारखी.

वळून पाहिलं तर इराण्णा
विटांच्या ढिगावर उभा,
हात वर, दोन बोटं.

दोन क्लिक.
उघडायच्या की आवळायच्या,
ते एवढ्या लांबून तो सांगत नाही.
स्क्रूड्रायव्हर माझ्याच खिशात आहे.