पोटखराब

गट नंबर दोनशे एकोणचाळीस, मौजे हिवरपिंपळ,
तालुका आष्टी. गायरान.
जुन्या सातबाऱ्यावर कुणीतरी
दौतीच्या शाईनं लिहून गेलेला एकच शब्द :
पोटखराब.

माघ सरत आलेला. कुसळी वाळून
वाऱ्यानं एका कुशीवर झालेली.
मी यंत्राची तिपाई रोवली,
लिंबाजी कोतवाल झेंडी घेऊन पुढं.
शंभर पावलांवर काळवीट उभा,
पाठ डांबराची, पोट चुन्याचं,
शिंगांना गिरमिटाचा पीळ.
मोजणीच्या दिवशी बांधावरून शेजारी पाहतो ना,
तसा पाहत होता.

"त्याची मोजणी झालीया सायेब, आपल्या आदी,"
लिंबाजीनं लेंड्यांचा ढीग दाखवला,
शिळ्यावर ताज्या.
"ह्यो त्याचा दगड. दुसरा त्या तरवडापशी.
मधी कुनी आलं तर
तारीख पडत न्हाई. हितंच निकाल."

हेकळाच्या आडून एक चिंकारा
पाय आपटून शिंकरली आणि गेली.
ओढ्यात रात्रीचे खूर उमटलेले, खोल, जोडीजोडीनं.
कागदावर नीलगाय, गावात रोही.

मी चतुःसीमा लिहीत होतो :
पूर्वेस पाझर तलाव, पश्चिमेस डांबरी सडक.
लिंबाजी त्याची वेगळीच सांगत होता :
पूर्वेला लांडग्याची वाट,
दक्षिणेला पाणी, तेही चैतापर्यंत,
पश्चिमेला गावची कुत्री.
उत्तरेला काय ते राहूनच गेलं,
कारण झेंडी रोवायला उचललेला हात
त्यानं तसाच वर धरला.

पाडस.
गवताच्या रंगाचं, मान जमिनीला लावून,
असं निपचित की मला आधी दगडच वाटला,
आमचा, हद्दीचा.
फक्त नाकपुडी हलत होती
आणि कानावर एक मुंगी चढत होती.
त्यानं ती झटकली नाही.

"हात नगं लावू. मायला वास येतो."

यंत्र म्हणत होतं : इथंच.
आकाशातले सगळे उपग्रह म्हणत होते : इथंच.
पलीकडं काळ्या काचांचे पत्रे उतरवणारा ट्रक
इंजिन चालू ठेवून थांबलेला.
लिंबाजी माझ्याकडं बघेना. मी त्याच्याकडं.
"दोन हात सरकव," मी म्हणालो.
"कुनीकडं?"
"कुठंही."

परतताना मागं पाहिलं.
माळावर एक मादी
इकडंतिकडं चरल्याचं नाटक करत
हळूहळू त्या जागेकडं येत होती.

कचेरीत मोजा काढला तर कुसळं,
दहाबारा, आत शिरलेली.
एकेक उपटून टेबलावर ठेवत गेलो.
समोर तक्ता. रकाना तोच.
पोटखराब.
कुणाचं पोट, तेवढं विचारायची
तक्त्यात सोय नाही.

शेरा कोरा ठेवून सही केली.
दोनशे एकोणचाळीसच्या नकाशात
दोन हातांची चूक आहे.
फेरमोजणीचा अर्ज अजून कुणी केलेला नाही.